तपासून देते

आमच्या शाळेच्या ग्रंथालयात कुठलंही पुस्तक मागा, बाईंचं उत्तर ठरलेलं. "तपासून देते."

बाई म्हणजे ग्रंथपाल बाई. नाव लिहीत नाही. लिहिलं, तर हा मजकूर छापायला जाण्याआधी त्या तपासायला मागतील आणि दिवाळी अंक संक्रांतीला निघेल. मी त्याच शाळेत मराठी शिकवतो. बाईंची नोकरी 29 वर्षांची, माझी तीन वर्षांनी कमी, आणि ही तीन वर्षं त्या मला विसरू देत नाहीत.

तपासणं हा बाईंचा पिंड आहे. संक्रांतीला वर्गात वाटायचा तिळगूळ आला की पहिली वडी त्या स्वतःच्या दाताखाली फोडणार. "कडक नाही ना, पोरांचे दात जातील." सहलीची एसटी दारात लागली की सगळ्यांच्या आधी चढून, मागच्या सीटवर दोनदा उसळून खाली येणार. स्टाफरूममध्ये नवी शिक्षिका डबा उघडून बसली, की "तिखट आहे का बघते" म्हणता म्हणता तिची अर्धी भेंडी बघून झालेली असते. असं माणूस घरोघरी एक तरी असतं. बाळाच्या बाटलीतलं दूध आधी आपल्या मनगटावर टाकून बघणारं. आमच्या बाईंनी त्या मनगटावर पुढे अख्ख्या जपानी मालिका ओतून पाहिल्या, एवढाच काय तो फरक.

याला कारण मी. नववी ब, शेवटून दुसरा बाक, मराठीचा तास. एक मुलगा भूगोलाचं पुस्तक उभं धरून वाचत होता. मराठीच्या तासाला भूगोल वाचणं मी एरवी पोटात घालतो, पण हा भूगोल वाचून हसत होता. जवळ गेलो. आत एक जाडसर छोटं पुस्तक, वर पिवळ्या केसांचा, कपाळाला पट्टी बांधलेला पोरगा. 'नारुतो', खंड तिसरा. जप्त केलं.

इथे एक कबुली दिली पाहिजे. त्याच वयात मी बीजगणिताच्या पुस्तकात वेताळ वाचलाय. इंद्रजाल कॉमिक्स 1964 ला सुरू झाली नि 1990 ला बंद पडली. माझी सगळी शाळा त्या दोन सालांच्या मध्ये बसते. कवटीच्या अंगठीचा ठसा कुठल्या अंकात कुणाच्या जबड्यावर उठला हे मला तोंडपाठ होतं, आणि त्या पाठांतराबद्दल वडिलांच्या पाच बोटांचा ठसा माझ्या गालावर उठायचा. पण माणूस शिक्षक झाला की त्याची स्मरणशक्ती सोयीने चालते. मी पुस्तक नेऊन बाईंच्या हवाली केलं. त्यांच्या लोखंडी कपाटात जप्त मालाचा एक कप्पा आहे. दोन बेचक्या आणि एका लेझर पॉइंटरच्या शेजारी नारुतो जाऊन पडला.

दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत बाई चष्मा कपाळावर चढवून माझ्यापुढे उभ्या. "सर, हे पुस्तक मला उलट बोलतं."

बघितलं तर खरंच. सवयीने त्यांनी डावीकडून उघडलं होतं, आणि उघडल्या उघडल्या इंग्रजीत ठणकावून छापलेलं, की तुम्ही चुकीच्या बाजूने वाचताय. "बावीस वर्षं पुस्तकं हाताळतेय मी," बाई म्हणाल्या. तेव्हा बावीसच झाली होती. "आणि हे मला सांगतंय!"

शेवटी त्याच मुलाला बोलावणं धाडलं. शिक्षा घ्यायला म्हणून आला आणि शिकवून गेला. त्याने पुस्तक फिरवून मागचं पुढे केलं. "बाई, इथून. ही उजवीकडची वरची चौकट आधी, मग तिच्या डावीकडची, मग खाली." शाईने निळं झालेलं त्याचं बोट पानावरून उजवीकडून डावीकडे सरकत होतं आणि बाईंची मान त्याच्यामागून. दोन पानांनंतर बोट थांबलं, मान चालू राहिली. पोरगं धीट झालं. म्हणालं, पूर्वी इंग्रजीत छापताना जपानी चित्रं आरशात धरल्यासारखी उलटी करायचे, त्यामुळे सगळे सामुराई डावखुरे व्हायचे. "मग सरळ ठेवली ते बरं केलं," बाई मान वर न करता म्हणाल्या. "तलवार कुठल्या हातात ते चुकवून कसं चालेल?"

सोमवारी तो वडिलांच्या सहीची चिठ्ठी घेऊन पुस्तक सोडवायला आला.

"तपासतेय अजून," बाई म्हणाल्या. मग आवाज खाली आणून, "चौथा कुणाकडे आहे रे?"

पोरगं हुशार. सापळा ओळखून म्हणालं, "माहीत नाही बाई."

"कारवाई नाही करणार. तपासायचाय."

बुधवारपर्यंत टेबलावर नऊ खंड जमले, तीन तुकड्यांमधून. ही मालिका 72 खंडांची आहे, हे मात्र बाईंना तेव्हा कुणी सांगितलं नाही.

बाई वाचतात कशा, हे बघण्यासारखं असतं. डाव्या हाताला वीरकरांचा कोश, उजव्या हाताला चहा, मांडीवर टॉवेल, कारण चहा सांडतो. जे वाचलं ते संध्याकाळी गेटपाशी मला सांगणार, तेही मराठीतून. त्यांचं माहेर कऱ्हाडचं, त्यामुळे त्यांच्या तोंडचा निन्जा कृष्णाकाठचं बोलतो. "अहो सर, त्या पोराच्या पोटात राक्षस कोंडलाय म्हणून गावाने त्याला वाळीत टाकलंय. आणि ते म्हणतंय, मी होकागे होणार. होकागे म्हणजे गावचा मुख्य. सरपंचच की! वाळीत टाकलेलं पोर सरपंच व्हायचं म्हणतंय, यात वाईट काय आहे?" वाईट काय आहे, हे शोधायलाच त्यांनी पुस्तक हातात घेतलं होतं, याची मी आठवण करून दिली नाही.

मुलांनी या स्वभावाचा फायदा घेतला. एका खंडाला चार-पाचशे रुपये पडतात. अप्पा बळवंत चौकात घासाघीस करूनही फार फरक पडत नाही. मग पोरांनी युक्ती काढली. मालिकेचे पहिले दोन खंड आपण आणायचे, बाईंना "जरा तपासून द्या" म्हणून द्यायचे आणि तिसरा शाळेच्या खर्चाने यायची वाट बघत बसायचं. तिसरा यायचा. वेतनेतर अनुदानातलं जे काही चिमूटभर ग्रंथालयाच्या वाट्याला येतं त्यातून, आणि ते संपलं की बाईंच्या पर्समधून. आपल्याला गंडवतायत हे त्यांना कळत नव्हतं, असं मला वाटत नाही.

या पुस्तकांवर कंपनीच वयाचं अक्षर छापते. 'टी' म्हणजे तेराच्या पुढे, 'टी प्लस' सोळाच्या, 'एम' अठराच्या. बाईंनी ही व्यवस्था पाहिली आणि बाजूला सारली. "त्या कंपनीला आमची नववी ब कुठे माहीत आहे?" त्यांनी स्वतःचे चार वर्ग केले आणि प्रत्येक पुस्तकाच्या तारखेच्या चिठ्ठीवर पेन्सिलने लिहू लागल्या: 'जेवताना चालेल', 'जेवण झाल्यावर', 'आईला सांगून' आणि 'बोर्डानंतर'. 'योत्सुबा' जेवताना चालतं. हिरव्या केसांची पाच वर्षांची मुलगी, रोज एक साधी गोष्ट पहिल्यांदा बघते, बाकी काही घडत नाही. राक्षसांची मुंडकी उडवणारं 'डेमन स्लेयर' जेवण झाल्यावर. 'अटॅक ऑन टायटन'मध्ये दैत्य माणसं कचाकचा खातात, म्हणून ते जेवणानंतरच्याही नंतर असेल असं मला वाटलं, तर चिठ्ठीवर 'बोर्डानंतर'. मी म्हटलं, एवढं भयंकर? "भयंकर नाही हो. 34 खंड आहेत. सुरू केलं तर पूर्वपरीक्षा बुडेल."

या वर्गवारीइतकीच त्यांची एक वाईट खोडही सांगितली पाहिजे. पुस्तक देताना शेवट सांगून टाकतात. मुलगा हळवा आहे असं वाटलं, तर हमखास. "हे बघ, 'डेथ नोट'मधला तो एल मरतो. आत्ताच सांगते, मग रात्री रडत बसू नकोस." (वाचकहो, माफ करा, पण बाईंना ओळखायचं तर एवढं नुकसान सोसायला हवं.) त्यामुळे आमच्या ग्रंथालयात एक दृश्य नेहमी दिसतं. मुलं काउंटरपाशी दोन्ही कानांत बोटं घालून उभी असतात आणि पुस्तक काखेत मारून पळ काढतात. नव्या शिक्षकांना वाटतं, बाई फार ओरडतात.

'डेथ नोट'वरून आठवलं. त्या कथेत एका विद्यार्थ्याला यमदूताची वही सापडते. तिच्यात नाव लिहिलं की तो माणूस मरतो. आमच्या नववीतल्या एकाने शंभरपानी वही घेतली, वर काळा कागद चिकटवला आणि पहिल्या पानावर गणिताच्या सरांचं नाव लिहिलं. दुसऱ्या दिवसापासून सर गैरहजर. तिसऱ्या दिवशी पोरगं पांढरंफटक पडून बाईंसमोर. "बाई, मी लिहिलं होतं."

दुसरं कुणी असतं तर ओरडलं असतं, नाही तर हसलं असतं. बाईंनी वही मागितली, चष्मा लावला आणि तपासली.

"मरणाचं कारण लिहिलंयस?"

"नाही."

"कारण लिहिलं नाही तर चाळीस सेकंदांत हार्ट अटॅक यायला पाहिजे. बरोबर? नियम आहे ना तसा? सरांना मलेरिया झालाय. म्हणजे ही ती वही नाही." मग ड्रॉवरमधून खोडरबर काढून दिलं. "तरी पण खोड. आणि प्रमेयं लिही हिच्यात, कोरी पानं वाया घालवू नकोस." सर गुरुवारी आले. त्या मुलाने दारात वाकून नमस्कार केल्याचा त्यांना आजतागायत उलगडा झालेला नाही.

आता 'माउस'. ते आलं तेव्हा विक्रेत्याने बिलात त्याच्यापुढे 'प्राणीकथा' असं लिहिलं होतं. मुखपृष्ठावर उंदीर, म्हणजे प्राणीकथा. पाचवीला द्यायला हरकत नाही. बाईंनी शनिवारी घरी नेलं. आर्ट स्पीगलमन या अमेरिकन चित्रकाराचे वडील आउश्वित्झच्या छळछावणीतून वाचले होते. त्यांना बोलतं करून त्याने दोन भागांत सांगितलेली ही हकिगत; ज्यू उंदीर, जर्मन मांजरं. 1992 साली तिला पुलित्झरचं विशेष पारितोषिक मिळालं. सोमवारी बाई "तपासतेय" म्हणाल्या नाहीत. पुस्तक टेबलावर ठेवून म्हणाल्या, "हा म्हातारा, सर. उंदराचा बाप. एवढ्यातून वाचला, आणि आता काड्यापेटीतल्या काड्या वाचवतो. फोडलेलं धान्याचं खोकं दुकानात परत द्यायला जातो. पोराला लाज वाटते." थोडं थांबून, "आमचे मामंजी असेच होते. बहात्तरच्या दुष्काळात खडी फोडून सुकडी खाल्लेली. पुडीचा दोरा टाकू द्यायचे नाहीत. मी हसायचे त्यांना."

चिठ्ठीवर त्यांनी लिहिलं, 'आईला सांगून'. आणि बिलावरची 'प्राणीकथा' लाल शाईने खोडली.

जानेवारी 2022 मध्ये अमेरिकेतल्या टेनेसी राज्यात मॅकमिन काउंटीच्या शाळा मंडळाने हे पुस्तक आठवीच्या अभ्यासक्रमातून काढलं. कारण आठ शिव्या आणि एक नग्न चित्र. मी बातमी बाईंना वाचून दाखवली. मला वाटलं, समव्यवसायी भेटले म्हणून खूश होतील. बाई भडकल्या. "शिव्या मोजल्या होय! साठ लाख माणसं मेलीत त्यात. आणि तपासायचं म्हणजे काढून टाकायचं असतं का? तपासायचं म्हणजे द्यायचं असतं, तपासून!" वाक्य ऐकायला विचित्र होतं, पण व्याकरणात मला चूक सापडली नाही.

जपानातही असंच झालं होतं. केइजी नाकाझावा हिरोशिमात सहा वर्षांचा होता. 6 ऑगस्ट 1945 ला शाळेच्या भिंतीने त्याला वाचवलं, वडील, बहीण, भाऊ घरात जळाले. 1973 पासून त्याने ते 'बेअरफूट गेन'मध्ये काढलं. 2012 च्या डिसेंबरात मात्सुए शहराच्या शिक्षण मंडळाने शाळांना सांगितलं, हे कपाटात ठेवा, मुलांच्या हाती सहज लागू देऊ नका. पुढच्या ऑगस्टमध्ये गदारोळ झाला आणि सूचना मागे घेतली. हे मी सांगितलं, तेव्हा बाई जरा ओशाळल्या. कारण त्यांचा 'गेन' खालच्या ड्रॉवरमध्ये, कुलपात होता. दुसऱ्या दिवशी बाहेर आला, पण अट घालून. "हे घरी मिळणार नाही. इथे बसायचं, माझ्यासमोर." दहावीतला एक मुलगा आठवडाभर शाळा सुटल्यावर तिथे बसून वाचत होता आणि बाई समोर बसून तालिकापत्रं लिहीत होत्या. मी डोकावलो. एकच पत्र चार वेळा लिहिलेलं होतं.

बाईंची तपासणी चुकली, असं एकदाच झालं. 'भीमायन'च्या वेळी.

डॉ. आंबेडकरांनी आपल्या आयुष्यातल्या अस्पृश्यतेच्या आठवणी इंग्रजीत लिहून ठेवल्या आहेत; त्यांच्यावर बेतलेलं हे पुस्तक 2011 साली दिल्लीच्या नवयानने काढलं. चित्रं दुर्गाबाई व्याम आणि सुभाष व्याम या परधान गोंड चित्रकारांची. त्यांनी चौकटी घातल्याच नाहीत. पानभर झाडं, मासे, रस्ते, त्यांतून वाट काढत माणसं. बाईंनी ते दोनदा तपासलं, पसंत केलं. दहावीतल्या एका मुलीने नेलं आणि तिसऱ्या दिवशी काउंटरवर उघडून धरलं. "बाई, हे बघितलंत? चांगलं बोलणाऱ्यांचे शब्द पक्ष्याच्या आकारात आहेत. आणि टाकून बोलणाऱ्यांच्या शब्दांना विंचवाची नांगी आहे."

बाईंनी चष्मा पुसला. पान पाहिलं, मागचं पाहिलं, त्याच्या मागचं पाहिलं. सगळीकडे नांग्या. दोनदा वाचूनही त्यांना एक दिसली नव्हती. मुलगी गेल्यावर त्यांनी पुस्तक पहिल्यापासून काढलं, आणि मी चहा घेऊन गेलो तेव्हा त्या 1901 सालच्या प्रवासाच्या पानावर होत्या. नऊ-दहा वर्षांचा भीम घरातल्या पोरांबरोबर साताऱ्याहून रेल्वेने निघतो, वडिलांकडे जायला. मसूर स्टेशनवर उतरतात. न्यायला कुणी आलेलं नाही, कारण पत्र पोचलेलं नाही. पोरांचे कपडे चांगले, म्हणून स्टेशनमास्तर चौकशी करतो. जात कळल्यावर त्याचा चेहरा फिरतो. गाडीवाले नेत नाहीत. शेवटी एक तयार होतो, दुप्पट भाड्याने, आणि बैल पोरांनीच हाकायचे या अटीवर. डब्यात जेवण आहे, पण रात्रभर प्यायला पाणी कुठे मिळत नाही.

"मसूर," बाई म्हणाल्या. पुणे-मिरज लाइनवरचं स्टेशन. कऱ्हाडला जाताना लागतंच. "दर सुट्टीत माहेरी जायचे. गाडी मसूरला थांबली की पोराला खाली उतरवायचे. पाण्याची बाटली भरून आणायला."

मी चहा ठेवला. बराच वेळ तो तसाच राहिला, साय धरली.

त्या पुस्तकाच्या चिठ्ठीवर काही लिहिलेलं नाही. जेवताना नाही, आईला सांगून नाही. ते काउंटरवर उभं करून ठेवलेलं असतं, आणि कुणी मागितलं तर बाई काही न बोलता देतात. आमच्या ग्रंथालयात 'तपासून देते' न ऐकता मिळणारं तेवढं एकच पुस्तक आहे.

गेल्या वर्षी वरून एक पत्र आलं. माध्यमिक शाळांनी नववी-दहावीसाठी शिफारस केलेल्या अवांतर पुस्तकांची यादी विहित नमुन्यात पाठवावी. रकाने: अनुक्रमांक, पुस्तकाचे नाव, लेखक, आणि चौथा, 'त्यातून रुजणारे मूल्य'. मूल्यं दहाच, ठरलेली. शिक्षकांना ती झोपेतही म्हणता येतात. राष्ट्रभक्तीपासून नीटनेटकेपणापर्यंत. इतर शाळांनी काय पाठवलं माहीत नाही. आमच्या बाईंनी चित्रकादंबऱ्यांची यादी केली आणि हेडसरांसमोर ठेवली. मी साक्षीदार म्हणून हजर होतो.

"'सिल्व्हर स्पून'. श्रमप्रतिष्ठा," हेडसर वाचू लागले. शहरातला मुलगा शेतकी शाळेत जातो, डुकराच्या एका पिलाला भातावर घालून खायच्या पदार्थाचं नाव देतो, त्याला जीव लावतो आणि शेवटी त्याचं मांस स्वतः विकत घेतो. लिहिणारी हिरोमु अराकावा होक्काइदोतल्या दूधवाल्या शेतकऱ्याची मुलगी. स्वतःचं चित्र काढताना गाय काढते. हेडसर पक्के शाकाहारी. त्यांनी पान उलटलं.

"'फुलमेटल अल्केमिस्ट'. वैज्ञानिक दृष्टिकोन? बाई, अल्केमी म्हणजे किमया. अंधश्रद्धा."

"काही मिळवायचं तर तेवढ्याच मोलाचं द्यावं लागतं, असा नियम आहे त्यात. तुमच्या रासायनिक समीकरणात दोन्ही बाजू सारख्या लागत नाहीत?" हेडसर मूळचे विज्ञानाचे. गप्प बसले.

'पर्सेपोलिस', स्त्री-पुरुष समानता. 1979 च्या क्रांतीनंतरच्या तेहरानमधल्या मुलीची कथा, सक्तीच्या डोक्यावरच्या रुमालासकट. त्यावर कुणी बोललं नाही. 'अ सायलेंट व्हॉइस', संवेदनशीलता. ऐकू न येणाऱ्या मुलीच्या कानातलं यंत्र ओढून काढणारा पोरगा पुढे तिलाच शोधत येतो, सात खंड. 'अ गार्डनर इन द वेस्टलँड', म्हणजे जोतिरावांची 1873 ची 'गुलामगिरी' चित्रांतून. त्याच्यापुढे बाईंनी तीन मूल्यं लिहिली होती आणि चौथ्याला जागा उरली नव्हती. मग आलं जीन ल्वेन यांग यांचं 'अमेरिकन बॉर्न चायनीज'. यांग हे अमेरिकेतल्या हायस्कुलात संगणक शिकवायचे, म्हणून बाईंचा त्यांच्यावर विशेष लोभ. पुढे लिहिलेलं, 'राष्ट्रीय एकात्मता'.

"कुठल्या राष्ट्राची?" हेडसरांनी विचारलं.

"ते पोरगं तेच विचारतंय, सर. अख्खं पुस्तक."

"आणि हे 'डेथ नोट'? वक्तशीरपणा?"

"नाव लिहिल्यावर कारण लिहायला चाळीस सेकंद. तपशील लिहायला सहा मिनिटं चाळीस सेकंद. उशीर झाला तर मिळत नाही." बाईंचा चेहरा गंभीर होता. "एवढा वक्तशीरपणा मला तरी दुसऱ्या पुस्तकात सापडला नाही."

नीटनेटकेपणाच्या पुढे रकाना रिकामा होता. "ते पुस्तकातून रुजत नाही," बाई म्हणाल्या, "पुस्तक न डागाळता परत आणण्यातून रुजतं." त्यांच्या हातातल्या प्रतीवर चहाचा गोल डाग होता. हेडसरांनी सही केली. यादीवर कुणी काही कळवलं नाही, म्हणजे ती मंजूर झाली असं आम्ही धरून चाललो आहोत.

मंजुरीवरून आणखी एक. शॉन टॅन या ऑस्ट्रेलियन चित्रकाराचं 'द अरायव्हल' नावाचं पुस्तक आहे. परक्या देशात गेलेल्या माणसाची गोष्ट, अथपासून इतिपर्यंत एक शब्द नाही. दाखल नोंदवहीत 'भाषा' हा रकाना असतो आणि हिशेब तपासणीस रिकामा रकाना सोडत नाहीत. बाईंनी लिहिलं, 'चित्र'. तपासणीसाने ती एखादी परदेशी भाषा समजून टिक केली. बाई दोन दिवस खुशीत होत्या. दुसऱ्याची तपासणी कच्ची निघाली, की त्यांना बरं वाटतं.

येत्या मे महिन्यात बाई निवृत्त होतायत. ना-देय दाखल्यासाठी ग्रंथालयाची देवघेव वही काढली, तेव्हा कळलं की कर्मचाऱ्यांपैकी सर्वांत जास्त पुस्तकं खुद्द ग्रंथपालांच्या नावावर आहेत. शेऱ्यात सगळीकडे एकच, 'तपासणीसाठी'. त्यात सलग ओळ दिसते ती 'वन पीस'ची. 1997 ला सुरू झालेली मालिका, शंभराच्या वर खंड झाले आणि लिहिणाऱ्याने अजून संपवलेली नाही. मी म्हटलं, बाई, आता तरी जमा करून टाका. "शेवट माहीत नसताना पोरांना काय सांगू?" बाई म्हणाल्या. तेही खरं होतं.

सध्या 61वा खंड त्यांच्या पिशवीत आहे. 62 आणि 63 शाळेत आहेत. 64वा कुणा वाचकाकडे पडून असेल तर कळवा. मेपर्यंत तपासून, खाकी कव्हर घालून परत मिळेल. शेवटाशेवटाला चहाचा एखादा डाग असेल, तेवढा चालवून घ्या.